मोटारीला पाजलेलं तेल

मोटार मी सोयीसाठी घेतली असं कुणी म्हणालं, तर मी आजही त्याला अडवत नाही. घरची माणसं मात्र अडवतात. शाहूपुरीत माझं गुळाच्या अडतीचं दुकान होतं, घर दुकानाच्याच माडीवर होतं आणि देवीचं देऊळ पायी जाण्यासारखं होतं. मला कुठं जायचं होतं? कुठंच नाही. लोकांनी मला जाताना बघायला हवं होतं, एवढंच.

त्या काळी महाराजांची मोटार पेठेतून गेली की हमाल पाठीवरची गुळाची ढेप तशीच तोलून उभे राहायचे. मोटार वळणाआड जाईपर्यंत कुणी हलायचं नाही. मी दुकानाच्या फळीवर बसून ते बघायचो आणि मला वाटायचं, आपल्याकडेही कुणीतरी एकदा असं बघावं. मोठी लढाई संपल्यावर इथला एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत निघाला आणि त्याची मोटार विकायची आहे असं माझ्या कानावर आलं. मी त्याच दिवशी गेलो. मोटारीचे दिवे पितळी होते आणि भोंगा असा होता की दाबला की गल्लीतली कुत्री उठून बसायची. मी भोंगा दोनदा वाजवून बघितला आणि सौदा पक्का केला. इंजिन चालू करून बघावं, हे मला घरी आल्यावर सुचलं.

बायकोनं मोटारीला ओवाळलं, चाकावर नारळ फोडला आणि मग भोवतीनं एक फेरी मारून मला शांतपणे विचारलं की साहेबाला ही एवढी चांगली वस्तू बोटीत घालून का नेता आली नाही. मी म्हणालो, बोटीचं भाडं परवडत नसेल. ती काही बोलली नाही. गप्प बसणं हे तिचं हत्यार होतं आणि ते तिनं आयुष्यभर माझ्यावर चालवलं.

मोटार दुरुस्त करणारं माझ्या माहितीत कुणीच नव्हतं. महाराजांच्या मोटारखान्यात तशी माणसं असत, पण ती माझ्या दारात येऊन मोटारीखाली झोपणार थोडीच. तेव्हा मी माझी एक रीत पाडली. बिघडलेला भाग ज्या वस्तूचा, त्या वस्तूच्या कारागिराकडे जायचं. पुढची पाण्याची टाकी गळायला लागली, तेव्हा भांड्यांना कल्हई करणाऱ्या चाचांना बोलावलं. त्यांनी भोक बुजवलं आणि उरलेल्या हौसेनं सगळी टाकी आतून-बाहेरून अशी लखलखीत केली की आता हिच्यात आमटी केली तरी कळकणार नाही, असं ते स्वतःच म्हणाले. दणके सोसणाऱ्या मागच्या पाट्याची एक पट्टी तुटली, तेव्हा बैलगाड्यांचं काम करणारा लोहार बोलावला. त्यानं गाडीच्या हिशेबानं दणकट पट्टी घालून दिली. तेव्हापासून मोटार एका अंगाला कलती राहिली आणि मी पेठेतून जाताना गटारात काही पडलंय का ते बघत चाललोय, असं लोकांना वाटायला लागलं. बघत मात्र होते लोक. त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

या हौसेत एक माणूस मात्र खरोखर अडकला. ते माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचो. ते राहायचे पेठ वडगावात, आणि तरुणपणी त्या भागातले नावाजलेले पैलवान होते. पुढं गावच्या तालमीत पोरं तयार करायचे. एकदा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं, आणि वैदूनं बसवलं ते वाकडंच बसलं. त्यानंतर त्यांना बैलगाडीत बसवेना. एक दणका बसला तरी तो एवढा मोठा गडी पांढराफटक पडायचा. आगगाडीनं यावं, तर स्टेशनापर्यंत पुन्हा बैलगाडीच. डोलीचं नाव काढलं की ते म्हणायचे, डोलीत नवरी बसते. झालं, मामा घरात बसले.

त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, कोल्हापुरात एका तालमीत राहून मेहनत करत होता. दसऱ्यानंतर महाराजांनी बांधलेल्या मैदानात त्याची कुस्ती लागली. एवढ्या मोठ्या मैदानातली त्याची ही पहिलीच कुस्ती. लहानपणापासून त्याचा एक नेम होता. कुस्तीला उतरण्याआधी गावच्या तालमीतली चिमूटभर माती वडलांनी त्याच्या कपाळाला लावायची, मगच तो आखाड्यात पाय टाकायचा. गावोगावच्या जत्रांना जायचा तेव्हा तो घरूनच निघायचा, त्यामुळे मामांची कंबर मोडली तरी हा नेम कधी मोडला नव्हता. आता तो इथं होता आणि मामा तिथं. त्यानं माझ्या दुकानात येऊन सांगितलं की आबा आले तर उतरणार, नाहीतर कुस्ती सोडून देणार. पोरगा हट्टी नव्हता, घाबरलेला होता. एवढा थोरला देह, पण बोलताना गुळाच्या ढेपेचं फडकं नखानं कुरतडत होता.

मी फळीवरून उठलो. दुकानात चार गिऱ्हाईकं होती, हे मला चांगलं आठवतं, कारण ती नसती तर मी इतक्या मोठ्यानं बोललो नसतो. म्हणालो, तुझ्या आबांना मी आणतो, माझ्या मोटारीतून. पोटातलं पाणी हलणार नाही त्यांच्या.

पोटातलं पाणी हलणं हाच तर त्या मोटारीचा स्वभाव होता. ती सुरू व्हायची ती बिथरलेल्या खोंडासारखी एक उडी मारून. असं का, तर आत क्लच म्हणून एक प्रकार असतो. पेल्यात पेला बसावा तसा चामड्यानं मढवलेला एक पेला इंजिनाच्या जड चाकात जाऊन बसतो आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देतो. पायाखालची पट्टी पायानं दाबली की तो सुटतो, पाय सोडला की धरतो. आमच्या मोटारीचं ते चामडं झिजून गेलं होतं. चामडं म्हटल्यावर माझ्या रीतीप्रमाणे मी पायताणं बांधणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्यानं जुन्या चामड्याचं माप घेऊन नवं, जाड, सुरेख चामडं बसवून दिलं. पण ते होतं नवं आणि ताठ. पाय सोडला की ते असं कचकन धरायचं की मागं बसलेली बायको गादीच्या पाठीवर जाऊन आदळायची. तिचे हे हाल, तर मामांच्या कमरेचं काय होणार?

आता कोल्हापुरात चामड्याचं कुणाला सांगायचं नसतं. नवं पायताण चावायला लागलं तर त्याला तेल पाजायचं, हे आमच्याकडे मूल चालायला लागतं तेव्हाच शिकतं. मी दुकानात नुसता विषय काढला, तर हमालापासून शेजारच्या मिरचीवाल्या शेटजींपर्यंत सगळ्यांनी एकच सल्ला दिला. वाद झाला तो फक्त कुठलं तेल यावर. कुणी करडईचं म्हणालं, कुणी करंजाचं. मी सगळ्यांचा मान राखला. संध्याकाळी दुकान बंद केलं की मी पायाखालची फळी उचलायचो, पाय दाबून धरायचो आणि पेल्याला बोटांनी तेल चोळायचो. आज करडई, उद्या करंज, परवा एरंडेल. स्वतःच्या पोरांना मी इतक्या मायेनं कधी तेल लावलं नव्हतं. चामडं लोण्यासारखं मऊ झालं आणि मोटार अशी अलगद सुटायला लागली की पेठेतल्या सपाट रस्त्यावर मी मांडीवर पाण्याचा तांब्या ठेवून ती चालवून दाखवली. तांब्या हिंदकळला नाही. लोकांनी वाहवा केली. इंजिन जरा जास्त ओरडतंय आणि मोटार जरा कमी पळतेय, हे माझ्याही ध्यानात आलं होतं. मी त्याला तिचा समंजसपणा समजलो.

मैदानाच्या दिवशी सकाळी मी जरीकाठी फेटा बांधला, बायकोला मागं बसवलं आणि वडगावला गेलो. रात्री हस्ताचा पाऊस त्या बाजूला चांगला झोडपून गेला होता. आमच्या पेठेत टिपूस नव्हता, तिकडं मात्र रस्त्याकडेला चिखल, शेतात तळी. मामा पहाटेपासून अंगणात बाजेवर तयार बसले होते. दाढी केलेली, पांढरा स्वच्छ अंगरखा, आणि मुठीत एक लहान पुरचुंडी. तालमीतली माती त्यांनी स्वतः चाळून, चुलीजवळ कोरडी करून फडक्यात बांधली होती. गल्ली सगळी जमली होती. दुपारची जेवणं उरकल्यावर चौघांनी त्यांना उचलून मागच्या गादीवर बसवलं. मोटार सुटली ती इतकी हळुवार की मामांना कळलंच नाही. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी मान बाहेर काढून सरकणारी झाडं बघितली आणि म्हणाले, "जावईबापू, ही तर पाळण्यावानी चाललीया की." त्या एका वाक्यावर मी पुढचा पाऊण रस्ता तरंगत गेलो.

नदी ओलांडली आणि चढ लागला. चढ काही घाटासारखा नव्हता, बैल मान न वाकवता चढतील एवढाच. मोटार निम्म्यात आली आणि तिथंच राहिली. इंजिन मात्र राहिलं नाही. मी जोर वाढवला तसं ते आणखी ओरडायला लागलं. आवाज महाराजांच्या स्वारीचा आणि चाल शून्य. मग ती सावकाश मागं सरकायला लागली. बायकोनं माझ्याकडे न बघता उडी मारली आणि चाकामागं धोंडा लावला. बाजारातून परतणारे चारपाच शेतकरी थांबले. त्यातला एक मोटारीला वळसा घालून आला आणि त्यानं विचारलं, "पावणं, लई पळतुय ह्याचा आवाज. गाडी कवा निघायची?"

त्यांनी ढकलून बघितलं. चिखलात त्यांचे पाय घसरले, मोटार हातभर वर गेली आणि हातभर खाली आली. सूर्य कलायला लागला होता. मैदानात एव्हाना लहान कुस्त्या संपत आल्या असणार. मी फळी उचलून आत बघितलं. तो पेला तेलानं तुकतुकीत चमकत होता आणि इंजिनाच्या चाकात नुसता गरगरत होता. आत काय झालंय ते मला तेव्हा समजलं, पण ते मोठ्यानं बोलायची छाती होईना. मामा मागून सारखे विचारत होते. शेवटी सांगितलं की इथं एका चामड्यानं लोखंडाला धरायचं असतं आणि ते निसटतंय.

"निसटतंय कशापायी?"

बायको म्हणाली, "तेल लावलंया त्येनी. रोज सांजंला."

मामांनी माझ्याकडे बघितलं. कुणी त्यांना सांगितलं असतं की जावयानं घराला आग लावली, तरी त्यांनी इतक्या नवलानं बघितलं नसतं. मग म्हणाले, "आन त्येलानं माखल्याला गडी कसा धरत्यात, ठावं न्हाय व्हय तुमास्नी? माती टाकत्यात अंगावर."

शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. ही गोष्टसुद्धा आमच्याकडे मूल चालायला लागतं तेव्हाच शिकतं. पण मी त्यातलं तेलाचं पहिलं अर्धंच शिकलो होतो. सगळे कोरडी माती शोधायला लागले. रस्त्यावर चिखल, बांधावर चिखल, झाडाखाली चिखल. एकानं चिखलाचा गोळा आणून दाखवला आणि स्वतःच टाकून दिला. मी वळून मामांकडे बघितलं, तर ते पुरचुंडीची गाठ सोडत होते.

बायको पुढं झाली. "आबा, ती धाकल्याची हाय."

"माती धरायसाठीच असती," मामा म्हणाले. "घे."

मग ते काम झालं. मी पाय दाबून बसलो, कारण त्याशिवाय तो पेला सुटत नव्हता. तेल पुसायला फडकं हवं होतं. पुरचुंडीचं फडकं बोटभर. बायकोनं विचारलं नाही, माझ्या डोक्यावरचा फेटा काढला आणि त्याच्या जरीच्या पदरानं ते चामडं खसाखसा पुसलं. भर रस्त्यात, चार माणसांत, मी बोडक्या डोक्यानं पाय दाबून बसलोय आणि माझा फेटा इंजिनात. लोकांनी आपल्याकडे बघावं म्हणून ही मोटार घेतली होती, हे मला तेव्हा आठवलं आणि हसू आलं. रडायचं ठेवून हसलो, असं म्हटलं तरी चालेल. बायको बांगड्या मागं सारून चिमटीनं माती टाकत होती आणि मामा मागून आखाड्याच्या कडेला उभं राहिल्यासारखे सांगत होते, थोडी थोडी टाक, दाबू नको, फिरवून लाव. पुरचुंडी रिकामी झाली. मी पाय सोडला. मोटारीनं कचकन धरलं, एक उडी मारली आणि चढ चढायला लागली. मामा कळवळले. मी थांबू का विचारलं, तर म्हणाले, थांबलात तर खाली उतरवून मारीन.

मैदानाच्या दरवाज्याशी मी भोंगा दाबला तो सोडलाच नाही. आत पुकारा चालला होता. जोडीचा पैलवान आखाड्यात फेऱ्या मारत होता आणि आमचा मेहुणा लांग-लंगोट लावून आखाड्याच्या कडेला नुसता उभा होता. लोक त्याला नको नको ते बोलत होते. भोंगा ऐकला आणि तो तसाच उघड्या अंगानं धावत बाहेर आला. मोटारीशी आला आणि वाकून त्यानं कपाळ पुढं केलं.

मामांनी फडकं उलटं केलं, झटकलं. काही नव्हतं. मला त्या क्षणी जमिनीनं गिळावं असं झालं. त्या पोरानं सगळ्या मैदानाच्या शिव्या खाऊन ज्या चिमूटभर मातीची वाट बघितली, ती माझ्या मोटारीनं खाल्ली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "फळी काडा, जावईबापू."

मी फळी काढली. बायकोनं आत हात घातला आणि पेल्याच्या कडेचं नखानं खरवडून काढलं. तेल, माती, चामड्याचा भुगा, असा काळाकुट्ट लगदा. मामांनी तो अंगठ्यावर घेतला आणि पोराच्या कपाळावर चांगला रुंद ओढला. मेहुण्यानं नाक आक्रसलं. "आबा, वास कसला येतुय?"

"तुज्या दाजीचा," मामा म्हणाले. "जा आता."

मोटारीची मागची गादीच उचलून आम्ही मामांना आत नेलं आणि अगदी पुढं, आखाड्याच्या कडेला ठेवलं. त्यांना टेकल्याशिवाय बसता येत नव्हतं. टेकायला तिथं भिंत नव्हती, म्हणून मी त्यांच्यामागं बसलो आणि ते मला टेकले. एवढी रुंद पाठ माझ्या तोंडासमोर आल्यावर मला आखाडा दिसणं शक्यच नव्हतं. ज्या कुस्तीसाठी एवढं रामायण झालं, ती मी बघितली नाही. ती मला मामांच्या पाठीतून कळली. पाठ ताठ झाली की मी समजायचो, पकड झाली. उजवा खांदा पुढं गेला की आमच्या पोरानं डाव टाकला. एकदा तर म्हातारा असा वळला की त्यांच्याबरोबर मीसुद्धा आडवा झालो. बराच वेळ हे चाललं. मग ती पाठ एकाएकी सैल पडली आणि सगळं मैदान उठलं. कुणासाठी उठलं ते मला कळेना.

मी विचारलं, "मामा, काय झालं?"

ते म्हणाले, "पडला."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या पाठीलाच सांगितलं की माझ्यामुळं त्याची माती गेली, नाहीतर तो पडला नसता.

मामा हसले असावेत, कारण पाठ हलली. "त्यो गडी ह्येच्यापरास भारी हुता. मातीनं काय हुतंय? पर मी आलो नसतो तर ह्यो उतरलाच नसता. पडायला बी उतरावं लागतंय." मग त्यांनी मागं हात आणून माझ्या बोडक्या डोक्यावर एकदा ठेवला. तो हात काळा होता, हे मला घरी आरशात कळलं.

बाहेर आलो, मामांना गादीसकट पुन्हा मोटारीत ठेवलं. मी हँडल मारलं. मोटार ढिम्म. पुन्हा मारलं. तेवढ्यात मेहुणा आला. पाठीला माती, कपाळावरचा काळा पट्टा घामानं ओघळून नाकापर्यंत आलेला. त्यानं वडलांच्या पायांना हात लावला, डोळे पुसले, मोटारीमागं गेला, खांदा लावला आणि एकट्यानं ती ढकलत रस्त्यावर आणली. मैदानातून बाहेर पडणारी माणसं थांबली. कुणीतरी शीळ घातली, मग टाळ्या सुरू झाल्या. ज्याला मघाशी शिव्या दिल्या, त्या हरलेल्या पोराचं ती माणसं नाव घेत होती. मामा कमरेची कळ सोसून मागं वळून बसले होते आणि घर येईपर्यंत तसेच, मागून मोटार ढकलत येणाऱ्या पोराकडे बघत होते. मी पुढं चाक धरून, बोडक्या डोक्यानं, कलत्या मोटारीत ताठ बसलो होतो. एवढी गर्दी, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मला त्याचं काहीच वाटलं नाही.